नातीची शेतावरची बालवाडी: एका निवृत्त अंगणवाडीताईचं मत

पुण्याजवळ मुळशी रस्त्याला एका शेतावर भरणारी ही बालवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांची आहे. माझी नात गेल्या जूनपासून तिथे जाते. तिला सोडण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आहे आणि ताईंनी मला कधीही आत येऊन बसायची मोकळीक दिली आहे, त्यामुळे शाळा आतून बघायला मिळाली. विचाराल तर मी सांगेन, मूल जरूर घाला. पण घालण्याआधी काय विचारायचं आणि काय स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे. शाळेचं नाव देत नाही, कारण पुढे उणिवाही लिहिणार आहे. शिवाय शहरांच्या कडेकडेने अशा शाळा आता बऱ्याच निघाल्या आहेत, आणि तुमच्या जवळच्या शाळेलाही हेच प्रश्न लागू पडतील.

मी डहाणू तालुक्यात अंगणवाडी सेविका होते. प्रशिक्षण कोसबाडला झालं. आम्हाला शिकवणाऱ्या बाई बालशिक्षणतज्ज्ञ अनुताई वाघांच्या तालमीत तयार झालेल्या. लेकीच्या मैत्रिणींना वाटतं की लहान मुलांना मातीत, झाडाखाली शिकवणं ही परदेशातून आलेली नवी पद्धत आहे. डेन्मार्क-जर्मनीत जंगलातल्या बालवाड्या आहेत, त्या चांगल्या चालतात, त्याबद्दल मला आदर आहे. पण आपल्याकडे १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई त्यांच्याबरोबर होत्या, आणि पुढे ते काम कोसबाडला गेलं. ताराबाई गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करून आलेल्या. माँटेसरीची साधनं त्यांना पाठ होती. ती महागडी लाकडी साधनं वारली पाड्यावर कुठून आणायची? मग शिंपले, बिया, खडे, काड्या, पानं हीच साधनं झाली. मुलं वर्गात येईनात तेव्हा वर्ग त्यांच्या अंगणात गेला. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरली. हे सगळं महाराष्ट्रात झालेलं आहे, आणि आमच्यासारख्या शेकडो बायकांनी ते वर्षानुवर्षं चालवलं आहे. म्हणून मी कुठल्याही बालवाडीत शिरले की भिंतीवरची चित्रं नंतर बघते, आधी मुलांची नखं बघते. इथल्या मुलांच्या नखांत माती होती. मला बरं वाटलं.

जागा दीडेक एकर असेल. मधोमध कौलारू पडवी, एक उंबर, दोन आंबे, बांधावर करंज आणि शेवगा. एका बाजूला खरी शेती चालते: पावसाळ्यात भात, दिवाळीनंतर हरभरा, मेथी, कोथिंबीर. विहिरीवर लोखंडी जाळी आहे आणि तिला कुलूप आहे. पहिल्याच दिवशी मी ते हलवून बघितलं. प्लास्टिकची घसरगुंडी वगैरे काही नाही. टायरचा एक झोका, चढायला आडवं टाकलेलं मोठं खोड, वाळूचा ढीग, मातीचा ढीग, आणि टाकीतून भाजीच्या वाफ्यांकडे जाणारा मातीचा पाट. हा पाट म्हणजे या शाळेचं खरं भांडवल आहे. उद्या बाकी सगळं काढून घेतलं आणि फक्त पाट ठेवला तरी शाळा चालेल.

पाटावर काय चालतं ते एकदा नीट सांगते. नात आणि तिच्याहून थोडा मोठा एक मुलगा पाणी अडवत होते. दोघांनी ओंजळीने माती आणून आडवा बांध घातला. पाणी तुंबलं, फुगलं आणि बांधाच्या कडेने फुटलं. मुलगा ओरडला, "इकडून गेलं, इकडून!" नातीने फुटलेल्या जागी अजून माती टाकली, ती वाहून गेली. पुन्हा टाकली, पुन्हा गेली. ताई दोन हात अंतरावर उकिडवी बसलेली होती. माझे हात शिवशिवत होते, कारण दगड कुठे लावायचा ते मला दिसत होतं. ताई काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने तिने एवढंच विचारलं, "माती कुठे जातेय गं?" दोघंही वाकून बघायला लागले. मग मुलाने एक चपटा दगड आणला, आधी दगड, त्याच्या मागे करंजाची पानं आणि वरून चिखल थापला. पाणी थांबलं. मग दोघांनी मिळून बाजूने एक बारीक चर काढून दिला आणि पाणी मेथीच्या वाफ्यात गेलं. वाफ्यात पाणी गेल्यावर दोघंही लगेच दुसरीकडे पळाले. टाळ्या नाहीत, "व्हेरी गुड" नाही, कुणी हातावर चांदणी चिकटवली नाही.

चाळीस मिनिटं तरी हे चाललं असेल. साडेतीन-चार वर्षांचं मूल कुठल्या कामात इतका वेळ रमतं, ते प्रत्येक आईने आठवून पाहावं. आणि या वेळात काय काय झालं? ओली माती दाबून दाबून बोटांत ताकद आली, जी पुढे पेन्सिल धरताना लागते. वाहतं पाणी, तुंबलेलं पाणी, उतार, वजन, कमी-जास्त हे सगळं हाताने कळलं. दोघांचं भांडण होता होता राहिलं आणि काम वाटून घेतलं गेलं. ताईने दगड लावून दाखवला असता तर यातलं काहीच झालं नसतं. गप्प बसता येणं ही बालवाडीताईची सगळ्यात अवघड विद्या आहे, ती यायला वर्षं लागतात. इथल्या दोन ताईंना ती चांगली येते. बाकीच्या दोघी नव्या आहेत, त्या मुलाच्या हातातून खुरपं काढून घेतात. शिकतील. त्यांना शिकवणाऱ्या मोठ्या ताई तिथे आहेत, हे महत्त्वाचं.

दिवस साडेआठला सुरू होतो. आल्यावर सगळी मुलं बांधावरून एक फेरी मारतात. रोज तीच वाट, आणि त्या रोजच्या वाटेतच खरी मजा आहे. जूनमध्ये मृगाचे लाल मखमली किडे निघाले, ते चार-पाच दिवस दिसले आणि गेले. मग पैसा नावाचा किडा, हात लावला की वेटोळं करणारा. मग टाकळा उगवला, केना उगवला. गणपतीच्या सुमाराला आघाडा आणि दूर्वा मुलांनीच ओळखून आणल्या. दिवाळीनंतर भात कापला आणि रिकाम्या खाचरात बगळे उतरले. ज्या मुलाने हे एका जागी वर्षभर बघितलं, त्याला ऋतू शिकवायला तक्ता लागत नाही. सहलीला नेऊन एका दिवसात झाडं दाखवणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. मुलं तिथे डब्यातला खाऊ खाऊन परत येतात.

फेरीनंतर गोलात बसून गाणी, मग दोन तास मोकळा खेळ, मग हात धुणं आणि खाणं, मग गोष्ट. खाणं शाळेतच शिजतं: उसळ, भाकरी, थालीपीठ, खिचडी. शेंगा सोलायच्या, मेथी निवडायची कामं मुलं करतात. आमच्या घरी पालेभाजीकडे न बघणारी नात स्वतः निवडलेली मेथी खाऊन येते. मुलांनी केलेलं हे काम खरं असतं, म्हणजे त्या मेथीचीच भाजी होते, हे मला आवडलं. काही ठिकाणी मुलांना पाच मिनिटं रोपं लावायला लावून फोटो काढतात आणि ती रोपं नंतर माळी नीट करतो.

लिहिणं-वाचणं पाच वर्षांपर्यंत नाही. यावर पालकसभेत फार काळजी व्यक्त होते, म्हणून सांगते. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडं अजून पुरती भरलेली नसतात. त्याला ओळींत 'अ' गिरवायला लावला तर खांद्यापासून ताठ होऊन तो काढतो आणि लवकरच कंटाळतो. नव्या शैक्षणिक धोरणानेही, २०२० च्या, तीन ते आठ हा एक सलग पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यात खेळावर भर दिला आहे. पहिलीला सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. म्हणजे घाई कुणाला आहे? शहरातल्या शाळा प्रवेशाच्या वेळी मुलांकडून अक्षरं ओळखून घेतात, ही खरी अडचण आहे आणि त्याचं उत्तर या बालवाडीकडे नाही. मोठ्या गटात त्या शेवटच्या वर्षी थोडं लेखन घेतात. काठीने वाळूत, खडूने फरशीवर, मग कागदावर. माझ्या अनुभवात तेवढं पुरतं.

डोळ्यांचंही बोलायला हवं, कारण माझ्या लेकीच्या इमारतीत पहिली-दुसरीतल्या कितीतरी मुलांना चष्मा आहे. चीनमध्ये ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर एक मोठा प्रयोग झाला, २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही शाळांनी रोज चाळीस मिनिटं जास्त उघड्यावर खेळायला दिली. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या साधारण ३० टक्के मुलांना लांबचं न दिसण्याचा दोष आला होता, नेहमीच्या शाळांत जवळपास ४० टक्के मुलांना. नुसत्या उजेडात खेळण्याने एवढा फरक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात १८० मिनिटं तरी हालचाल करावी, त्यातली साठ मिनिटं चांगली दमछाक करणारी असावीत, आणि बसून पडदा बघणं एक तासाच्या वर जाऊ नये. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे जमवणं आईबापांना किती कठीण आहे ते मी रोज बघते. या शाळेत सकाळच्या चार तासांत त्यातला मोठा वाटा आपोआप होतो.

आता उणिवा. पहिली फार गंभीर होती आणि ती त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त केली, म्हणून आधी ती सांगते.

पडवीत टोपल्यांमध्ये बिया ठेवलेल्या असतात. मुलं त्या निवडतात, मोजतात, त्यांची नक्षी करतात. आमच्याकडेही हेच असायचं. एका टोपलीत चिंचोके, रिठे, गजगे होते, आणि त्यांतच लाल-काळ्या गुंजा आणि बिट्टीच्या बिया. गुंजा दिसायला इतक्या सुंदर की मूल त्यांच्याकडेच आधी हात नेतं. पण गुंज चावली गेली तर ती जिवावर बेतू शकते. सोनाराच्या तराजूत तोलायला वापरत, म्हणून ती निरुपद्रवी असं लोकांना वाटतं. बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि त्याचा परिणाम हृदयावर होतो. मी मोठ्या ताईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, टोपली तेव्हाच उचलली, आणि त्या आठवड्यात सगळ्या ताईंना घेऊन शेताची एक फेरी मारली. मला बरोबर घेतलं. कुंपणाला मोगली एरंड होता, तो काढला. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि उलट्यांनी बेजार होऊन दवाखान्यात जातात, अशा बातम्या आपल्याकडे वारंवार येतात. धोतरा निघाला. बांधावरची उंदीरमारी, तिला ग्लिरिसिडिया म्हणतात, ती ठेवली, पण तिच्या शेंगा मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी छाटली. तीन वर्षांच्या गटातून चिंचोकेही काढले, कारण त्या वयाची मुलं वस्तू तोंडात घालतात आणि चिंचोका घशात अडकू शकतो.

निसर्गात शिकवायचं तर ताईला आधी झाडं ओळखता आली पाहिजेत. हे मी प्रत्येक शाळेला सांगेन. 'इको-फ्रेंडली' पाटी लावून भागत नाही. तुमच्या शाळेत गेलात की कुंपणाजवळच्या एखाद्या झाडाकडे बोट दाखवून विचारा, हे काय आहे आणि याचं काही खाल्लं तर चालतं का.

दुसरी गोष्ट गाजरगवताची. श्रमदानाच्या दिवशी मुलांना उघड्या हातांनी गवत उपटायला लावलं होतं आणि त्यात गाजरगवत होतं. त्याने अंगावर पुरळ उठतं, खाज सुटते, काहींना दम्यासारखा त्रास होतो. ते गवत मोठ्यांनी, हातमोजे घालून, फुलावर यायच्या आत काढायचं असतं. सांगितल्यावर हे काम मुलांकडून काढून घेतलं, पण शाळेला मुळात हे माहीत असायला हवं होतं.

साप-विंचवांच्या बाबतीत मात्र त्यांची तयारी पाहून समाधान वाटलं. आपल्या भागात नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप आहेत, तेव्हा हा प्रश्न घाबरट आजीचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. सरपण जमिनीवर रचत नाहीत, घडवंचीवर रचतात. गवत आखूड ठेवतात. मुलं यायच्या आधी मावशी खोड, टायर, वाळूचा ढीग काठीने तपासतात. पावसाळ्यात सगळ्यांच्या पायात गमबूट. जवळच्या कुठल्या दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविष मिळतं ते पडवीत मोठ्या अक्षरात लावलं आहे. आणि दगड कसा उलटायचा हे मुलांना शिकवलं आहे: दगडाची पलीकडची कड काठीने आपल्याकडे उचलायची, म्हणजे खाली काही असलं तर दगड मध्ये आडवा राहतो आणि ते पलीकडे निघून जातं. चार वर्षांची पोरं हे न चुकता करतात. दगडाखाली बहुतेक वेळा वाळवी आणि गांडुळं निघतात, ती बघून झाली की दगड पुन्हा होता तसा ठेवतात. "त्यांचं घर आहे ना," असं नात मला समजावून सांगते.

अनवाणी खेळायचं म्हणजे जंतांचा विचार आलाच. अंकुशकृमी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो. अंगणवाड्यांमधून आम्ही फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी देत असू. खासगी बालवाड्या हे बऱ्याचदा विसरतात. इथे विचारलं तर त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून ठेवलं होतं. धनुर्वाताच्या लसीची नोंद प्रवेशाच्या वेळीच बघतात. गोगलगायींना हात लावला की साबणाने हात धुवायला पाठवतात, कारण त्यांच्यातून रोग येऊ शकतो. साचलेल्या डबक्यात खेळू देत नाहीत, पाटाच्या वाहत्या पाण्यात देतात. उंदराच्या मुतातून लेप्टो नावाचा ताप होतो, पायाला जखम असलेल्या मुलाला त्या दिवशी पाण्यात सोडत नाहीत. हे नियम ऐकायला कडक वाटतील. पण एवढं बघितलेलं आहे म्हणूनच बाकीच्या वेळी मुलांना मोकळं सोडता येतं. झाडावर चढायला बंदी नाही. फक्त कुणी कुणाला उचलून वर ठेवायचं नाही, जेवढं स्वतः चढता येईल तेवढंच. हा फार शहाणा नियम आहे. स्वतः चढलेल्या मुलाला उतरताही येतं.

उन्हाळ्यात काय करतात, हे विचारायला विसरू नका. इथे मार्चपासून शाळा साडेसातला भरते आणि अकराला सुटते, आणि सगळं उंबराखाली चालतं. शहरातल्या एका नर्सरीत मी गेले होते, तिथे गच्चीवर हिरवी प्लास्टिकची हिरवळ अंथरलेली होती. एप्रिलमध्ये दहा वाजता तिच्यावर हात ठेवला तर चटका बसला. मुलं दाराशी सावलीच्या पट्ट्यात गर्दी करून उभी. साध्या मातीवर पाणी शिंपडलं असतं तर तीच गच्ची गार झाली असती.

मोबाइलबद्दल माझी नाराजी आहे आणि ती मी शाळेला कळवली आहे. पालकांच्या ग्रुपवर रोज फोटो जातात. फोटो हवा म्हणून ताई मूल कामात असताना मधेच "इकडे बघ" म्हणते, आणि त्या एका शब्दाने मुलाचं ध्यान तुटतं. सोंडकिड्याच्या मागे लागलेली एक मुलगी फोटोसाठी थांबली आणि किडा भुईत गेला. ती किती वेळ त्या जागेकडे बघत बसली होती. दोष ताईंचा कमी, आम्हा घरच्यांचाच जास्त, कारण फोटो आला नाही की ग्रुपवर विचारणा सुरू होते. आठवड्याला एकदा फोटो द्या, आणि रोजची नोंद ताईने वहीत दोन ओळींत लिहावी, असं मी सुचवलं आहे. आम्ही अंगणवाडीत प्रत्येक मुलाची वही ठेवत असू. अजून त्यावर निर्णय झालेला नाही.

अंतर हाही विचार करण्याचा मुद्दा आहे. आमच्या घरापासून गाडीने पाऊण तास लागतो, चांदणी चौकात अडकलो तर जास्त. तीन वर्षांच्या मुलाचा दीड तास गाडीत बांधून घालवायचा आणि मग त्याला मोकळं खेळायला सोडायचं, याचा हिशेब प्रत्येकाने आपापला करावा. अर्ध्या तासापेक्षा लांब राहत असाल तर मी म्हणेन, जवळच्या साध्या बालवाडीत घाला आणि तिथल्या ताईंकडे मातीचा एक ढीग आणि पाण्याची एक बादली मागा.

फी वर्षाला बहात्तर हजार आहे, गाडीचे वेगळे. ताईंचे पगार, जेवण, जागा हे सगळं बघता ती अवाजवी नाही. ताईंना नीट पगार मिळतो हे मी विचारून घेतलं, कारण आयुष्यभर मानधनावर काम केलेल्या बाईला तो प्रश्न पडतोच. पण बहात्तर हजार म्हटल्यावर कोण येणार ते ठरून जातं. शेताच्या खालच्या अंगाला कातकरी वस्ती आहे. तिथली मुलं कुंपणाशी येऊन उभी राहतात. खेकडा कुठल्या बिळात असतो, कुठलं गवत बोट कापतं, करवंदं कधी पिकतात हे त्या मुलांना आमच्या नातीच्या ताईंपेक्षा जास्त ठाऊक आहे. राखणदाराची दोन मुलं शाळेत विनाफी आहेत, आणि खेळात ती सगळ्यांच्या पुढे असतात. मग बाकीची बाहेर का? ज्या ताराबाईंचा फोटो या शाळेच्या पडवीत लावला आहे, त्यांनी पुढची सगळी हयात अशाच मुलांसाठी घालवली. मी हे पालकसभेत उभं राहून बोलले. बरेच पालक अनुकूल निघाले, दोघांनी एकेका मुलाचा खर्च उचलायची तयारी दाखवली. मोठ्या ताईंनी येत्या जूनपासून वस्तीतली सहा मुलं घ्यायचं कबूल केलं आहे. वस्तीतल्या आयांशी बोलायला मीही जाणार आहे, कारण नुसतं "या" म्हणून त्या येणार नाहीत. कामाला पहाटे निघणाऱ्या बाईचं मूल साडेआठपर्यंत कुणी सांभाळायचं, याचं उत्तर आधी शोधावं लागेल. कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र भरवत, ते याचसाठी.

नातीत काय फरक पडला, हे सगळे विचारतात. ती पडली की आधी इकडेतिकडे बघते आणि मग स्वतः उठते. दुपारी झोप गाढ लागते. बोलताना तिच्याकडे खऱ्या गोष्टी असतात: सुगरणीने घरटं कुठवर विणलं, कुणाच्या वाफ्यात कोथिंबीर आधी उगवली. लाजाळूचं झाड झोपतं की घाबरतं, यावर तिचं आणि तिच्या मित्राचं अजून एकमत नाही, आणि ताईंनी उत्तर सांगितलेलं नाही. आकडे तिला वीसपर्यंत येतात, तेही कुणी पाठ करून घेतले नाहीत. शेवग्याच्या शेंगा मोजून आले.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. प्रवेशाची चौकशी डिसेंबर-जानेवारीत करावी लागते. कपडे जुने, सुती, बाह्यांचे द्या, दोन जोड जास्तीचे पिशवीत. पांढरं काही देऊ नका. केस बांधून पाठवा. टोपी आणि पाण्याची बाटली. पायात काटा रुतला तर शाळा काढते, घरी आल्यावर तळपाय एकदा तपासा. पहिला महिना मूल घरी येऊन चिडचिड करेल, कारण ते दमलेलं असतं, त्याला खायला घालून झोपवा.

आणि शाळा बघायला जायचं ते त्यांनी ठेवलेल्या खुल्या दिवशी जाऊ नका. जुलैत, भर पावसात, मधल्या वारी, न सांगता जा. ओले कपडे कुठे वाळवतात ते बघा, स्वच्छतागृहाची जमीन बघा, आणि एखादं मूल चिखलात पडलं की ताई आधी मुलाकडे बघते की तुमच्याकडे, ते बघा.